उजनीच्या काठावरून चिलापी: अल्ट्रालाइट (अगदी हलकी आमिषं फेकायचा) रॉड १–५ ग्रॅम आमिषाचा की २–८?

प्रश्न: दीड ग्रॅमचं जिगहेड (डोक्याशी वजन जोडलेला गळ) आणि २–३ ग्रॅमचे स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) टाकायचेत. मासे पाव ते अर्धा किलोचे. रॉडची लांबी किती घ्यावी? टोक सॉलिड (भरीव) की पोकळ?

उत्तर १: १–५ चाच घ्या. २–८ चा रॉड दीड ग्रॅमला वाकतच नाही, फेक पायाशी पडते. उघड्या काठाला ७ फूट बरा. झाडीतल्या ओढ्याला साडेपाच. जिगहेडसाठी सॉलिड टोक: चिलापी आमिष नुसतं चोखते, हे टोक मऊ असतं, त्यामुळे तिला ओढ जाणवत नाही. फक्त स्पिनर फिरवणार असाल तर पोकळ.

उत्तर २: दादा, रॉडइतकंच दोरीकडे बघा. १००० साइजचं छोटं रीळ, ०.६ नंबरची ब्रेड (विणलेली दोरी), पुढे ३ फूट ४ पौंडी फ्लुरोकार्बन दोरी, ड्रॅग (ज्या ताणाला रीळ दोरी सोडू लागतं तो) साधारण १ पौंड. हलक्या आमिषाने ब्रेड सैल गुंडाळली जाते आणि पुढच्या फेकीत गुंताच बाहेर येतो. बेल (रिळावरची उघड-बंद होणारी तार) हाताने बंद करा, दोरी ताणा, मगच हँडल फिरवा.

उत्तर ३: मासा काठाला आला की रॉड उभा करून मागे खेचू नका. सगळा भार टोकावर येतो आणि रॉड वरच्या वीतभरातच तुटतो. जाळी ठेवाच.