मदत हवी आहे: मधुमेह काबूत असूनही साध्या फ्लूने आई अ‍ॅडमिट का झाली?

आईचं वय ६४. मधुमेह १४ वर्षं, बीपी ९ वर्षं. शेवटचं एचबीएवनसी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.९. गोळ्या: साखरेसाठी मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, बीपीसाठी टेल्मिसार्टन. लघवीतून थोडं प्रथिन जातं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) अजून नॉर्मल. धाकटा भाऊ ३८ चा, लहानपणापासून दमा, स्टेरॉइडचा इनहेलर रोज. मी धडधाकट, त्यामुळे पळापळ माझ्याकडे.

गेल्या महिन्यात तिघांनाही एकाच आठवड्यात फ्लू झाला. मी चौथ्या दिवशी कामावर. भाऊ तीन आठवडे खोकत होता. आईला तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, साखर ३१०, मग दोन दिवस सलाईन. घरी सोडताना डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "सहव्याधी आहेत ना, जपा." जपायचं म्हणजे काय करायचं, हे विचारेपर्यंत ते पुढच्या पेशंटकडे पोचले होते.

६.९ वाली साखर एकदम ३१० कशी होते? बीपी हा खरंच वेगळा धोका आहे की म्हाताऱ्या माणसांना असतोच म्हणून यादीत येतो? २०२० साली बीपीच्या काही गोळ्यांनी करोना बळावतो असं कुठेतरी वाचल्यापासून आई टेल्मिसार्टनकडे संशयाने बघते. आणि भावाने तापात इनहेलर परस्पर बंद केला होता, "स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते" म्हणे. हे मला नंतर कळलं. घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

डॉक्टर बदला, हा सल्ला कृपया नको.

पाऊलवाट: माझ्या काकांना मधुमेह, बीपी, बायपास, सगळं होतं. करोनात साधी शिंकसुद्धा आली नाही. उगाच घाबरवतात.

निशाचर: काका सुखरूप राहिले, आनंद आहे. पण जोखीम ही हजार काकांची मिळून मोजतात, एका काकांची नाही.

ताई, मी मेडिसिन विभागात काम करतो. न तपासता डोस सांगणार नाही, पण कारणं सांगतो.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब. तापाच्या चार दिवसांत काय होईल, ते त्यात दिसत नाही. संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन सोडतं. यकृत साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचं कोणी ऐकेनासं होतं. म्हणून पोटात अन्नाचा कण नसतानाही आकडा चढतो. साखर चढली की लघवी वाढते, वर उलट्या, पाणी घटतं, आणि आधीच थोड्या थकलेल्या मूत्रपिंडावर भार येतो. शिवाय जास्त साखरेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत पोचायला आणि त्यांना गिळायला मंदावतात. विषाणूच्या पाठोपाठ जीवाणूंचा न्यूमोनिया होतो, तो याच फटीतून.

६.९ वाया गेलं असं मात्र नाही. साखर मोकाट असलेल्यांत गुंतागुंत जास्त होते. पण १४ वर्षांत बारीक रक्तवाहिन्यांचं जे झालं ते राहतंच. लघवीतलं प्रथिन ही त्याचीच खूण. 'मधुमेह आहे' या शब्दांपेक्षा ती खूण मला जास्त काही सांगते.

बीपीबद्दल तुमची शंका बरीचशी बरोबर. वय बाजूला काढलं की नुसत्या बीपीचा वाटा पुष्कळ उतरतो. हृदय किंवा मूत्रपिंडाला झळ पोचली असेल तर तो पुन्हा वाढतो. टेल्मिसार्टनची भीती निघाली ती अशी: करोना विषाणू पेशीत शिरताना एसीई२ या प्रथिनाला पकडतो, आणि या गटातल्या गोळ्यांनी ते प्रथिन वाढत असेल असा तर्क होता. तर्कच तो. पुढे काही रुग्णांची गोळी चालू ठेवून आणि काहींची थांबवून चाचण्या झाल्या. चालू ठेवणाऱ्यांचं काही जास्त बिघडलं नाही.

हृदयाचं लोक विसरतात. कॅनडातल्या ऑन्टारियोचा २०१८ मधला अभ्यास आहे: फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे ६ पट दिसलं. ६ पट ऐकून दचकू नका, मुळात एका आठवड्यातली शक्यता लहान असते. पण मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, तेव्हा 'नुसतीच धाप लागतेय' याला नुसतं समजू नका.

भावाचं: इनहेलरमधलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. सर्दीचा विषाणू दम्याचा झटका आणतो तो श्वासनळीची सूज भडकवून, आणि नेमकी तीच सूज इनहेलर दाबून ठेवतो. त्याने चुकीचा दिवस निवडला.

दुसरीखेळी: स्टेरॉइडच्या गोळ्यांचं प्रकरण वेगळं, हे जोडते. माझं मूत्रपिंड बदललंय, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर. मला ताप चढतच नाही नीट. न्यूमोनिया झाला तेव्हा नुसता थकवा होता आणि ऑक्सिजन ९१. तरीही त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. स्टेरॉइडची गोळी एकदम थांबवली तर माणूस कोसळू शकतो.

धागाकर्ती: निशाचर, खूप आभार. एक कबुली द्यायची राहिली. उलट्या होत असताना मी आईला तिन्ही गोळ्या वेळेवर दिल्या. चुकवायच्या नाहीत म्हणून, उलटून पडलेली परतसुद्धा दिली.

निशाचर: त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, आधी कोणी सांगायलाच हवं होतं. साध्या तापात गोळ्या चालूच ठेवतात. पण उलट्या-जुलाब होऊन पाणी टिकत नसेल, तर या तिन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवायला बहुतेक डॉक्टर सांगतात. डॅपाग्लिफ्लोझिनमध्ये साखर फारशी चढलेली नसतानाही किटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढू शकतात, म्हणून त्याकडे जास्त लक्ष. इन्सुलिन मात्र आपणहून कधीच बंद करायचं नाही. तुमच्या डॉक्टरांकडून हे एका कागदावर लिहून घ्या: कोणती गोळी केव्हा थांबवायची, पुन्हा केव्हा सुरू करायची, किती साखरेला फोन करायचा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंडाला झेपणार नाही.

आणि तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत जास्त उपयोगी पडतं. आईसारख्यांना पहिल्याच दिवशी दाखवायचं ते त्यासाठी. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या जीवाणूवरची) लस, दोन्हींचं विचारून या.

पाऊलवाट: काकांना फ्लूची लस दरवर्षी देतात, आत्ताच काकूंना विचारलं. माझा मुद्दा मागे घेतो.

धागाकर्ती: सोमवारी कागद घेऊन जातेय, दोन्ही लसींचं त्यावरच लिहिलंय. भावाने इनहेलर सुरू केलाय, चेहरा अजून पाडून आहे. टेल्मिसार्टनवालं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मोठ्या अक्षरात छापून आण, मी स्वतः वाचल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.