‘अ‍ॅनिलिंग’ला अनुशीतन म्हणावं का?

प्रश्न : अणुकचरा साठवण्यासाठी सुचवलेल्या खनिजांवर लेख लिहितेय. ‘रेडिएशन डॅमेज’ला प्रारणहानी आणि ‘थर्मल अ‍ॅनिलिंग’ला अनुशीतन लिहिलं. संपादक विचारतात, खनिज थंड कशाला करायचं?

प्रतिसाद १ : संपादकांचं बरोबर आहे, ताई. अनुशीतन हा धातू आणि काचेच्या कारखान्यातला शब्द. तिथे तापवून सावकाश निववतात आणि निववण्यालाच महत्त्व असतं. खनिजात उलट आहे. किरणोत्सर्गाने जागेवरून ढकललेले अणू उष्णतेमुळे पुन्हा हलू लागतात आणि स्फटिकाच्या जाळीत, म्हणजे अणूंच्या ठरावीक मांडणीत, परत बसतात. निवण्याचा वेग इथे गौण. मोनाझाइट या खनिजाचंच बघा. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते सापडतं. त्यात किरणोत्सर्गी थोरियम भरपूर, तरी स्फटिक बहुधा शाबूत, कारण कमी तापमानालाच ते स्वतःला दुरुस्त करतं. झिरकॉन या दुसऱ्या खनिजाला हे सहज जमत नाही. श्रीलंकेतल्या युरेनियम-थोरियम जास्त असलेल्या झिरकॉनची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 4.7 ग्रॅमवरून 4 च्या आसपास उतरलेली असते, म्हणजे दगड चक्क फुगतो. मी ‘उष्णतेने सावरणे’ लिहीन.

प्रतिसाद २ : सावरणे झकास! 1957 साली इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीत ग्रॅफाइटमध्ये साठलेली ऊर्जा बाहेर काढायला ते तापवत होते, तेव्हा आग लागली. त्याला ‘अ‍ॅनिलिंग’च म्हणत. आता ‘अनुशीतन करताना आग लागली’ असं लिहून दाखवा.

प्रतिसाद ३ : माझा आक्षेप ‘प्रारणहानी’वर. शब्द चुकीचा नाही, पण वाचकाला वाटतं किरण आरपार गेला आणि दगड बिघडला. अल्फा क्षयात, म्हणजे जड केंद्रक फुटून हेलियमचा कण बाहेर पडतो तेव्हा, तो कण सुमारे 5 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन सुटतो, पण ती ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना हलवण्यात खर्च होते. त्याच्याने जागचे हलतात ते काहीशे अणू. बंदूक खांद्याला मागे लाथ मारते तसं उरलेलं जड केंद्रक उलट दिशेला फेकलं जातं. त्याची ऊर्जा पुष्कळ कमी, पण काही दशक नॅनोमीटरच्या टप्प्यात ते हजाराच्या आसपास अणू विस्कटतं. खरा गुन्हेगार तो. लेखात निदान एकदा तरी ‘अल्फा-क्षयाचा उलट धक्का’ येऊ द्या.

प्रश्नकर्ती : आणि ‘मेटामिक्ट’? ‘अस्फटिकी’ चालेल?

प्रतिसाद १ : नको. ‘मेटामिक्ट’ हा शब्द नॉर्वेच्या ब्रॉगर या भूवैज्ञानिकाने 1893 मध्ये वापरला, तो तसाच देवनागरीत ठेवा. मेटामिक्ट खनिज एके काळी स्फटिक होतं. बाहेरचा आकार अनेकदा टिकलेला असतो, आतली मांडणी मोडलेली. काच मुळातच अस्फटिकी. तारापूरला उच्च पातळीचा कचरा बोरोसिलिकेट काचेत मुरवतात. त्या काचेबद्दल ‘स्फटिकता गेली’ लिहिलंत तर हसं होईल.

प्रतिसाद ३ : ‘सावरणे’लाही मर्यादा घाला. जाळीत थोडेफार दोष असतील तोवर ठीक. पूर्ण मेटामिक्ट झिरकॉन तापवला तर आधी झिरकोनिया आणि सिलिका (झिरकॉनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं) वेगळे होऊ शकतात. आणखी तापवल्यावर त्यांचा परत झिरकॉन होतो. त्याला सावरणं कसं म्हणणार? तिथे सरळ ‘पुनर्स्फटिकीभवन’ लिहा, जड असलं तरी.