लग्नातले फोटो : तुमचे अनुभव लिहा

परवा माळा आवरताना आमच्या लग्नाचा अल्बम खाली आला. १९९६, मे महिना, सांगली. सगळा चाळला पण माझा आणि बाबांचा दोघांचाच असा एकही फोटो नाही. कन्यादानात आहेत, पण तिथे मामा मधे आलाय आणि बाबांचा फक्त हात दिसतो. बाकी वेळ ते भटारखान्यात, कोण जेवलं कोण राहिलं बघत. दोन वर्षांनी गेले. आता मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे आणि फोटोंचं सगळं मी अंगावर घेतलंय. ड्रोन वगैरे पोरं बघतील, मला माणसं राहून जायला नकोत. तुमच्याकडे काय झालं, काय आधी ठरवायला हवं होतं, सगळं लिहा प्लीज.

रानजाई
वाचून गलबललं गं. माझे बाबापण पंगतीत वाढत होते.

कऱ्हाकाठ
आमच्या वेळी रोल. काकांनी चार रोल ठरवलेले म्हणजे १४४ फोटो, त्यातले अडीच सीमांतपूजनातच संपले कारण प्रत्येक आहेराला फ्लॅश, आणि सप्तपदीच्या वेळी फोटोग्राफर कोपऱ्यात बसून रोल बदलतोय. सात पावलांतली शेवटची दोनच आहेत आमच्याकडे. आता मोजणी नाही पण चूक तीच होते, स्टेजवरच्या रांगेचे हजार आणि विधींचे वीस. त्याला आधीच सांगा.

बकुळ७७
मांडवाचं कापड!! कोणी बोलत नाही यावर. भर दुपारी पिवळ्या-लाल कापडाखाली सगळे कावीळ झाल्यासारखे येतात आणि तो रंग नंतर नीट निघत नाही. भाच्याच्या वेळी हट्टाने वरचं कापड पांढरं लावून घेतलं, डेकोरेटर कुरकुरला पण फरक बघा म्हणावं. जांभळे लाइट तर विधी होईपर्यंत बंदच ठेवायला सांगा.

तुंगभद्रा
आम्ही बंगळुरूला. फोटोग्राफर तिकडचाच, कामाला फार चांगला, पण त्याला अंतरपाट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. 'तदेव लग्नं' सुरू झालं तेव्हा हा माझ्या मागे उभा, अंतरपाट खाली आला आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं तो क्षण फक्त आतेभावाच्या मोबाइलवर आहे, तोही अक्षतांमुळे धूसर. धाकट्या बहिणीच्या लग्नात गुरुजी आणि फोटोग्राफर दोघांना आदल्या दिवशी फोनवर जोडून दिलं, कुठला विधी कधी, कुठल्या बाजूला उभं राहायचं. दहा मिनिटांचं काम. आणि पाहुण्यांना हात जोडून सांगितलं, अंतरपाट धरल्यावर मोबाइल घेऊन पुढे येऊ नका.

रानजाई
@तुंगभद्रा बंगळुरूत मुंडावळ्या मिळाल्या का? आम्हाला दादरहून पाठवाव्या लागलेल्या मोत्याच्या

तुंगभद्रा
आत्याने पुण्याहून आणल्या, दोन जोड, एक तुटली तर म्हणून 🙂

पैलतीर
न्यू जर्सी, डिसेंबर. इथे साडेचारला सूर्य मावळतो. मुहूर्त दुपारचा, त्यात वऱ्हाड उशिरा. जोडीचे बाहेरचे फोटो विधींनंतर ठेवलेले ते सगळे अंधारात. मुलीला फार वाईट वाटलं. हिवाळ्यात असेल तर ते सकाळीच उरका.

बकुळ७७
धागाकर्ती, पानं चिकटलीत का अल्बमची? ओढू नका हं. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवायचा, सुटतो. नाही सुटला तर तसाच ठेवून खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढा, फ्लॅश बंद. पाणी अजिबात नको.

साळुंकी
डेटा!! २०१४, अल्बमचे फोटो निवडायला आम्ही आठ महिने लावले, तोवर त्याची हार्ड डिस्क गेली. हळदीचा एकही फोटो नाही उरला. त्याच आठवड्यात सगळं मागून घ्या, दोन घरांत दोन कॉप्या. व्हॉट्सअॅपवर आलेले धरू नका, ते बारीक होऊन येतात.

कऱ्हाकाठ
आजी-आजोबांचे फोटो सकाळीच, जेवणाआधी. आमची आजी दुपारपर्यंत दमून आत जाऊन झोपली.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून थँक्यू. @बकुळ७७ फ्लॉसने पाच सुटले, कन्यादानाचापण. पुतणीच्या यादीत पहिली ओळ लिहिली: 'सकाळी साडेसात, हळदीआधी, मुलगी आणि बाबा, दोघंच.' दीर म्हणतात तेव्हा मला आचाऱ्याकडे जायचंय. मी म्हटलं आचाऱ्याकडे मी जाते, तुम्ही उभे राहा.

रानजाई
आणि त्यांचा फेटा साडेसातच्या आधी बांधून ठेवा गं, फेटेवाले नेहमी उशिरा येतात