मैदानात रक्षाविसर्जनाला परवानगी असावी का?

स्वारगेटकर:
लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे माजी मॅनेजर बिल शँक्ली १९८१ मध्ये गेले, तेव्हा त्यांची रक्षा क्लबच्या ॲनफिल्ड मैदानातच विखुरली होती. साध्या चाहत्यांचीही तिकडे अशी इच्छा असते. मग आपल्याकडे का नको? २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. तो सामना पाहिलेल्यांतला एखादा म्हणाला, मला आळंदीला नेऊ नका, इथेच ठेवा, तर बिघडलं काय? खुद्द नेहरूंनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की रक्षेचा बराचसा भाग विमानातून शेतांवर टाका. त्यांच्या नावाच्या मैदानाला चिमूटभर राखेचं वावडं कशाला?

रोलरवाला:
चिमूटभर कुणी आणत नाही हो. मी एका क्लबचं मैदान सांभाळतो म्हणून सांगतो. मोठ्या माणसाची रक्षा दोन-अडीच किलो सहज भरते, लाकडावर दहन केलं असेल तर लाकडाची राख वेगळीच. त्यात खार असतो. एका जागी ओतली की खालचं गवत जळतं, पाऊस पडला की वर लेप बसतो. परदेशात हाडं दळून पूड करून देतात. आपण तिसऱ्या दिवशी सावडतो, त्यात तुकडे असतात. सीमारेषेवर डाइव्ह मारणाऱ्या पोराचं कोपर कुणी बघायचं? आणि नातेवाईक टाकणार कुठे? थर्डमॅनला कुणी टाकणार नाही. सगळ्यांना खेळपट्टीच हवी!

कोथरूडची आई:
+१. माझी मुलगी सकाळी सरावाला जाते, मुली तिथेच बसून डबा खातात. सुतक-बितक मी मानत नाही, पण हे नको. शिवाय एकाला हो म्हटलं की उद्या साइटस्क्रीनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स, खाली इच्छुक उमेदवारांचे हात जोडलेले फोटो.

गहुंजेग्रस्त:
भारत २०१७ ला ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी हरला, २०२४ ला न्यूझीलंडकडून ११३ धावांनी. दोन्ही कसोट्या गहुंज्याच्या स्टेडियमवर, दोन्ही तीन दिवसांत खलास, आणि मी उन्हात. मेल्यावरही तिथेच? माफ करा.

कॅम्पातला:
भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला रणजी सामन्यात नाबाद ४४३ केल्या त्या पूना क्लबवर. टाकायचीच तर तिथे. (गेटवर सदस्यत्व विचारतील, ते सोडा.)

स्वारगेटकर:
थट्टा पुरे. रोलरवाल्यांचं गवताबद्दलचं म्हणणं मान्य. ब्यूनस आयर्सच्या बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबलाही हाच त्रास झाला, पण त्यांनी लोकांना हाकललं नाही. २००६ मध्ये चाहत्यांसाठी वेगळी दफनभूमी केली. हॅम्बर्गच्या क्लबने २००८ मध्ये स्टेडियमजवळच केली. आपल्या गावांत शेताच्या बांधावर खड्डा घेऊन, रक्षा टाकून वर आंबा लावतातच ना? तसं स्टँडमागे, कुंपणाच्या कडेला करू द्या. मैदान महापालिकेचं आहे, ठराव तर मांडता येईल.

कोथरूडची आई:
झाडाला विरोध नाही. नावाची पाटी मात्र नको.

स्वारगेटकर:
पाटीशिवाय घरचे ओळखणार कसे?

रोलरवाला:
पाटीचं नंतर बघा. हौसेने लावलेली रोपं एप्रिलपर्यंत वाळतात. आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो तो खेळपट्टीलाच पुरत नाही. आधी पाणी कोण घालणार ते ठरावात लिहा, मग माझी सही घ्या.