बाबांच्या वर्षश्राद्धाला पानात काय वाढू?

मुक्ता, पर्वती: बाबा बरीच वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पोटॅशियममुळे केळं, नारळपाणी बंद. साधं पाणीही मोजून. तरी मंडईतून हापूसची पेटी स्वतःच आणायचे, आमच्यासाठी. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली धमनी आणि शीर. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, म्हणून पेटी उजव्या खांद्यावर! फिस्टुलाची थरथर नातवाला दाखवायचे, "हात लाव, इंजिन चालू आहे." आता पानात पथ्याचं वाढू की आवडीचं?

कोथरूडची काकू: आवडीचंच गं. आमरस वाटी भरून.

सुनीता: माझे मिस्टरही डायलिसिसवर आहेत. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी फेकून मग भाजी. पोटॅशियम कमी होतं. तुमची आई कसं करायची?

मुक्ता, पर्वती: अगदी तसंच! बाबा तीच भाजी मागून घ्यायचे. मग आमरस, ती भाजी आणि शहाळंही.