बाळकृष्ण दोशी : माणसांबरोबर वाढणारी घरं

प्रेषक : सचिव
विषय : बाळकृष्ण दोशी स्मरण, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

२४ जानेवारी हा आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांचा स्मृतिदिन. २०२३ साली अहमदाबादमध्ये त्यांचं निधन झालं. यंदा त्यानिमित्त तासाभराचा कार्यक्रम करावा, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. निवेदनासाठी मी एवढं जमवलंय : जन्म २६ ऑगस्ट १९२७, पुणे. मुंबईला जे. जे. मध्ये शिक्षण. १९५१ ते १९५४ पॅरिसमध्ये जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम. १९६२ साली अहमदाबादचं आर्किटेक्चर स्कूल स्थापन केलं, जे आज सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा जागतिक सन्मान; हा मिळवणारे पहिले भारतीय. २०२२ साली आर्किटेक्चरसाठीचं ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल.

यात कुणाला भर घालायची असेल तर कृपया कळवावं.

सचिव

---

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक कट्टा

सचिवसाहेब,

उत्तम विषय. पुण्यात जन्मलेला, वाढलेला माणूस आहे, हे आधी सांगा. घरी दोन पिढ्यांचा फर्निचरचा व्यवसाय होता, तेव्हा लाकूड आणि रंधा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. पद्मविभूषण राहिलं बघा तुमच्या यादीत. ते गेले २४ जानेवारीला आणि पद्मविभूषण जाहीर झालं २५ला. मला तेव्हा फार हळहळ वाटली होती.

मात्र नुसत्या सनावळीतून माणूस कळत नाही. आपल्याकडच्या आर्किटेक्ट ताईंना विचारा, त्या अहमदाबादलाच शिकल्या आहेत.

---

प्रेषक : वाचनकट्टा

काका, सचिवसाहेब, नमस्कार.

काकांनी नाव घेतलंच आहे, तर जरा सविस्तर लिहिते.

माझी विनंती अशी की सुरुवात पॅरिसपासून करू नये. पुण्याच्या घरापासून करावी. दोशी तान्हे असतानाच त्यांची आई गेली. ते आजोबांच्या घरात, काका-आत्यांच्या एकत्र कुटुंबात वाढले. त्या घरात माणसं वाढली की खोल्या वाढायच्या, मजला चढायचा. घर एकदा बांधून पुरं होत नसतं, ही गोष्ट त्यांना कॉर्बुझिएंच्या ऑफिसात पाय ठेवायच्या कितीतरी आधी ठाऊक होती. त्यांची मला सगळ्यात मोलाची वाटणारी कामं याच जाणिवेतून आलेली आहेत.

अहमदाबादमधली एलआयसीची वसाहत घ्या. १९७३ साली पूर्ण झालेली, ३२४ घरं. साधारणपणे बिल्डर एकाच मापाचे फ्लॅट एकावर एक रचत जातो. दोशींनी तळमजल्याचं घर सर्वांत मोठं केलं, त्यावरचं त्याहून लहान आणि सगळ्यात वरचं सगळ्यात लहान. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर खालच्याच्या छपराची गच्ची मोकळी सुटते. कमी मिळकतीचं आणि बऱ्या मिळकतीचं कुटुंब एकाच जिन्याच्या आसपास राहतं, आणि पुढेमागे खोली काढायला प्रत्येकाला जागा असते.

माझी एक मावशी तिथे राहायची. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा गच्चीवर विटांची खोली उठली. तिच्या भिंतीला जुन्या भिंतीचा रंग काही जुळला नाही, तो जोड शेवटपर्यंत दिसायचा. कठड्याची एक बाजू मात्र मावशीने पाडू दिली नाही, कारण संध्याकाळी तिथे टेकून शेजारणीशी बोलायचं असायचं. शिकत असताना मी त्या जोडाचं मापासकट रेखाटन केलं होतं. वर्गात शिकवलेलं तिथे मला पहिल्यांदा खरोखर समजलं.

दुसरं काम इंदूरजवळचं अरण्य, १९८९चं. सुमारे ८०,००० माणसांची वस्ती, साडेसहा हजारांच्या आसपास घरं. सगळ्यात गरीब कुटुंबासाठी ३५ चौरस मीटरचा प्लॉट. त्यावर काय दिलं? जोतं, संडास-मोरी, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय. बाकीचं घर ज्याने त्याने ऐपत येईल तसं बांधायचं. कसं बांधता येईल हे दाखवायला ८० नमुन्याची घरं उभी केली : पुढे ओटा, बाहेरून जिना, वर गच्ची. या कामाला १९९५ साली आर्किटेक्चरसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. प्रित्झकरइतकाच हाही कार्यक्रमात ठळकपणे यावा.

मंडळातली वाचनकट्टावाली ताई

---

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक कट्टा

ताई,

फार छान लिहिलंत. एक शंका मात्र विचारतो. मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर काढलं. लोक गच्च्या बंद करतात, हवा अडते, उजेड जातो, खालच्याच्या छताला ओल येते. रचना इतकी बदलल्यावर त्यात आर्किटेक्टचं काय उरतं?

आणि घरात ते कसे होते, हेही लिहा.

---

प्रेषक : वाचनकट्टा

काका,

शंका रास्त आहे. काही ठिकाणी अगदी तसंच झालंय. मावशीच्या त्या खोलीमुळे मधल्या खोलीचा उजेड कमी झाला, हे मी स्वतः पाहिलंय. तरी माझं मत बदलत नाही. माणसं घर वाढवणारच, आर्किटेक्टने सोय ठेवली तरी आणि नाही ठेवली तरी. सोय ठेवलेली नसली की मग बाल्कनीला ग्रिल लावून तिथेच स्वयंपाकघर होतं. दोशींनी वाढीची जागा आधीच नेमून दिली, जिना आणि संडास-मोरी योग्य ठिकाणी बसवली, म्हणून वाढीव बांधकामाला निदान एक दिशा मिळाली. त्या बदलांचं त्यांना वाईट वाटत नसे. माणसांनी घर आपलंसं केलं, असं ते मानत.

आता घरातले दोशी. त्यांनी अहमदाबादमध्ये स्वतःसाठी १९६३ साली घर बांधलं आणि त्याला पत्नीचं, कमला यांचं, नाव दिलं. साधं विटांचं घर. भिंती दुहेरी, मधे पोकळी, म्हणजे अहमदाबादच्या उन्हाळ्यात आत तग धरता यावा. तीन मुली तिथेच वाढल्या. नात खुश्नू पंथकी हूफ स्वतः आर्किटेक्ट झाली आणि आजोबांबरोबर काम करू लागली. त्यांचं शेवटचं काम, व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या जर्मनीतल्या आवारातली चिंतनाची जागा, नात आणि नातजावई यांच्याबरोबर आखलेलं आहे. भारताबाहेरचं त्यांचं हे पहिलंच बांधकाम, आणि तेही घरच्या माणसांना बरोबर घेऊन.

‘संगाथ’ या त्यांच्या ऑफिसबद्दल दोन ओळी घालाच. अर्धवट जमिनीत गेलेल्या कमानदार छपरांवर फुटक्या चिनी मातीच्या फरश्यांचे पांढरे तुकडे बसवले आहेत. त्यावरून ऊन परततं आणि पावसाचं पाणी पन्हळींतून खाली बागेत येतं. पायऱ्यांवर कुणीही येऊन बसावं.

आणि आमची शाळा, म्हणजे दोशींचं ते अहमदाबादचं आर्किटेक्चर स्कूल! खालचा मजला बराचसा मोकळा, बंद दारं जवळजवळ नाहीतच, स्टुडिओंना उत्तरेचा उजेड. वरच्या वर्गातल्यांचं काम जाता-येता दिसायचं, त्यातूनच निम्मं शिक्षण व्हायचं. घरात जसं धाकटं मूल थोरल्याचं पाहून शिकतं तसं.

---

प्रेषक : सचिव

ताई, काका, मनापासून आभार. निवेदन आता ताईंच्या क्रमाने : पुण्याचं घर, एलआयसी वसाहत, अरण्य, कमला हाउस, संगाथ. पुरस्कार शेवटी, दोन मिनिटांत. टोरांटोत २०१८ साली प्रित्झकर सोहळा झाला, तेव्हा ते ९० वर्षांचे होते, तो उल्लेख तिथे येईल.

आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांच्यावरही एक कार्यक्रम व्हावा, अशी सूचना काकांनी फोनवर केली आहे. कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६, हार्वर्डला नामवंत जर्मन आर्किटेक्ट ग्रोपियस यांच्याकडे शिकलेले आणि आयआयटी कानपूरचा परिसर घडवणारे. तो पुढच्या वर्षी घेऊ.

मुलांसाठी एक उपक्रम ठेवतो आहोत. आजोळच्या किंवा आजी-आजोबांच्या घरात नंतर वाढवलेली एखादी खोली, माळा किंवा गच्चीवरची शेड असेल, तर ती का बांधली हे घरी विचारून मुलांनी त्याचा आराखडा काढावा. कागद ए-थ्री मापाचा, पेन्सिल चालेल. जुने फोटो असतील तर स्कॅन करून शुक्रवारपर्यंत पाठवावेत. प्रोजेक्टरची व्यवस्था झाली आहे, एक्स्टेन्शन बोर्ड कुणीतरी आणावा.

सचिव