पाइनच्या फळीवर निळे पट्टे, सालीखाली कोरलेल्या रेघा: ही कीड अजून जिवंत असेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या सोसायटीत मुलांसाठी छोटं वाचनालय करतोय. कपाटांसाठी चाकणच्या एका कारखान्यातून पाइनच्या जुन्या फळ्या मिळाल्या. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या. लाकूड हलकं आहे, रंधा मारला की गुळगुळीत होतं आणि वास तर फारच सुरेख. पण काही फळ्यांवर कडेच्या बाजूने निळसर-राखाडी पट्टे आहेत. एका फळीच्या कडेला बोटभर रुंद साल राहून गेली होती. सुतारकाकांनी पटाशीने ती उडवली, तर खाली लाकडावर चक्क कोरीवकाम निघालं. वीतभर लांबीची एक मुख्य रेघ, लाकडाच्या रेषांच्याच दिशेने गेलेली. तिच्यात तपकिरी भुसा इतका घट्ट ठासलेला की टाचणीने उकरावा लागला. दोन्ही अंगांना आडव्या रेघा; सुरुवातीला दोऱ्याएवढ्या बारीक, मग रुंद होत गेलेल्या.

सुतारकाका म्हणतात, "ताई, भुंगा लागलेला माल आहे. उद्या घरातल्या सागवानात शिरेल. जाळून टाका." त्यांचा हात या कामात चाळीस वर्षं बसलाय, त्यामुळे त्यांचं बोलणं सहज बाजूला सारवत नाही. दुसरीकडे एवढं चांगलं लाकूड जाळायलाही जीव होत नाही.

नेटवर उत्तर अमेरिकेतल्या माउंटन पाइन बीटलबद्दल वाचलं. वर्णन बरंच जुळतंय, पण सगळे तुकडे जोडता येत नाहीयेत. ही नक्षी त्याचीच का? अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचं त्याचं चक्र कोरड्या फळीत पुरं होऊ शकतं का? आणि निळा रंग बुरशीचा असेल, तर लहान मुलांच्या हाताखाली असं लाकूड ठेवावं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद – रानवाट

ताई, आधी दोन गोष्टी बघून सांगाल का? मुख्य रेघ एका टोकाला वाकलेली आहे, की मध्ये खोलीसारखा खळगा असून तिथून दोन-तीन रेघा फुटल्यात? दुसरं, फळ्यांवर डाग देऊन उमटवलेला शिक्का असेल. त्यात गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि पुढे एचटी किंवा एमबी, म्हणजे कीड मारायला लाकडावर कोणती प्रक्रिया केली त्याची खूण. फोटोपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

धागाकर्ती

खळगा नाही. एकच रेघ, एका टोकाला किंचित आकड्यासारखी वळलेली. शिक्के बहुतेक फळ्यांवर आहेत, एचटी स्पष्ट वाचता येतं. रेघांच्या फळीवर देशाची अक्षरं करवतीत गेली आहेत. दोन फळ्यांवर मात्र एमबी आहे.

प्रतिसाद – रानवाट

मग बरंचसं उलगडलं. इप्स जातीचे साल-भुंगेरे आपले बोगदे साफ ठेवतात आणि मधल्या खोलीतून फाटे काढतात. भुसा ठासलेली, उभी, टोकाला वळलेली रेघ ही माउंटन पाइन बीटलची ठेवण आहे. देश कळत नसल्यामुळे पक्कं नाव मी देणार नाही, पण चक्र त्याचंच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

हा भुंगेरा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, काळा. जुलै-ऑगस्टमध्ये उडतो. पहिला हल्ला मादी करते. ती साल पोखरू लागली की झाड राळ सोडतं आणि तिला बाहेर ढकलू बघतं. अशा झाडाच्या खोडावर राळेच्या पिवळट-तांबूस गोळ्या दिसतात. मला या सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. झाडाच्या राळेत अल्फा-पायनीन असतं. मादी त्यापासूनच ट्रान्स-व्हर्बेनॉल नावाचं गंधद्रव्य बनवते, आणि त्या वासावर आणखी शेकडो भुंगेरे त्याच झाडावर येतात. म्हणजे झाडाने बचावासाठी काढलेलं हत्यारच शत्रूला आवतण देतं. झाडावर पुरेशी गर्दी झाली की व्हर्बेनोन हा दुसरा वास सुटतो. मग नवे येणारे शेजारच्या झाडाकडे वळतात.

सालीखाली मादी खोडाच्या उभ्या दिशेने बोगदा काढते आणि त्याच्या दोन्ही भिंतींत खाचा करून अंडी घालते. तुमची मुख्य रेघ ती हीच. दहा ते चौदा दिवसांत अळ्या निघतात. पाय नसलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या. त्या आडव्या खात जातात, आणि अळी जाडजूड होत जाते तशी तिची रेघही रुंद होते. थंडी त्या सालीखालीच काढतात. अंगात ग्लिसरॉल साठवतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यात उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी पडल्याशिवाय त्या मोठ्या संख्येने मरत नाहीत. वसंतात पुन्हा खातात, मग कोष, आणि उन्हाळ्यात नवा भुंगेरा बाहेर. असं वर्षाचं एक चक्र. उंचावरच्या गार जंगलात त्याला दोन वर्षंही लागतात.

आता निळा रंग. भुंगेऱ्याच्या तोंडाजवळच्या बारीक पिशव्यांत बुरशीचे बीजाणू असतात. ही बुरशी रसकाष्ठात, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या बाहेरच्या लाकडात पसरते, झाडाचं पाणी वर चढणं बंद पडतं. तिकडून अळ्यांनी आतली साल खाल्लेली असते. झाड दोन्हीकडून मरतं. तरी पाती वर्षभर हिरवीच दिसतात. ती पुढच्या उन्हाळ्यात लाल होतात, तोवर किडा बहुतेक निघून गेलेला असतो. म्हणून लाल झाड तोडून साथ थांबत नाही. वनखात्याच्या माणसांना हिरव्या झाडाच्या बुंध्याशी भुसा आणि राळ शोधत हिंडावं लागतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९९०च्या दशकात सुरू झालेल्या साथीची झळ १.८ कोटी हेक्टरांहून जास्त जंगलाला लागली. अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा तो पट्टा. हिवाळे उबदार झाले होते, आणि वणवे वर्षानुवर्षं विझवत राहिल्यामुळे एकाच वयाची, म्हातारी लॉजपोल पाइनची झाडं दाट उभी होती. त्या मेलेल्या झाडांचं निळं लाकूड पुढे 'डेनिम पाइन' या नावाने विकलंसुद्धा गेलं.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं: या किड्याला ओली, जिवंत आतली साल लागते. कोरड्या फळीत त्याला खायलाच काही नाही, आणि सागवानाकडे तो ढुंकूनही बघणार नाही. शिवाय एचटी म्हणजे लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. साल ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टीत राहिली तर अशा खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाला चालते, कारण तेवढ्या पट्टीत किड्याचा संसार पुरा होत नाही.

प्रतिसाद – पटाशी

रानवाट यांनी जंगलाचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. ही निळी बुरशी रसकाष्ठातली साखर खाते, लाकडाचे धागे खात नाही. त्यामुळे फळीची ताकद जवळपास तशीच राहते. लाकूड वाळलेलं असेल तर ती वाढतही नाही. पावसाळ्यात कपाट ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, सगळ्या बाजूंनी पॉलिश करा, मागची बाजूही सोडू नका.

पण सुतारकाकांचं बोलणं वाऱ्यावर सोडू नका. त्यांनी जो भुंगा आयुष्यभर पाहिलाय तो घुण आहे, आणि तो कोरड्या लाकडात खरंच राहतो. फळ्या काळ्या कागदावर उभ्या करून ठेवा आणि काही आठवडे बघा. ताजी, पिठासारखी पूड पडली किंवा टाचणीच्या डोक्याएवढी नवी भोकं दिसली, तर तेवढी फळी बाजूला काढा. रेघा खोल असतील तिथे रंधा मारा, नाहीतर धूळ साचते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रानवाट, तुमचा प्रतिसाद सुतारकाकांना पूर्ण वाचून दाखवला. काळ्या कागदाची परीक्षा त्यांनाही पटली, मात्र ती होईपर्यंत ते खिळा ठोकणार नाहीत. ते योग्यच आहे. आता फक्त एमबीच्या दोन फळ्यांचा प्रश्न उरला. त्या वापराव्यात का?

प्रतिसाद – पटाशी

मुलांच्या कपाटात नको. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं लाकूड. तुमच्याकडे एचटीच्या फळ्या पुरेशा आहेत, तर त्या दोन बाजूला काढा. आणि चुलीत किंवा शेकोटीत घालू नका.

धागाकर्ती

बाजूला काढल्या. कागदावर काही पडलं तर इथेच कळवते.